बाबांच्या बसचं छत

बाबांची बस चौथ्यांदा गळली तेव्हा माझं डोकं फिरलं. मी बसच्या बॉड्या बांधणारा माणूस. वीस वर्षं पत्रा ठोकतोय. माझ्या हातची गाडी गळते असं कोणी म्हणालं तर त्याच्याशी भांडेन. आणि माझ्याच अंगणात उभी असलेली, माझ्याच बापाची बस गळत होती. दिव्याखाली अंधार म्हणतात तो हाच.

बस बाबांनीच आणलेली. तेही आयुष्यभर डेपोत बॉडीचंच काम करत होते. हातात पत्रा धरायला मला त्यांनीच शिकवलं. निवृत्त झाल्यावर भंगारात निघालेली एक बस त्यांनी घेतली, सीटा काढल्या, पलंग बसवला, खिडक्यांना पडदे लावले. सगळा जन्म बसमध्ये गेला, आता म्हातारपणही तिथंच, असं लोकांना हसत सांगायचे. आम्हीही सांगायचो, हौस आहे म्हाताऱ्याची. खरं असं होतं की आई गेल्यावर त्यांच्या खोलीत बायकोचं शिलाई मशीन आलं. आधी एक, मग दुसरं, मग कापडाचे गठ्ठे, मग इस्त्रीचं टेबल. बाबांना कोणी जा म्हटलं नाही. त्यांचा पलंग फक्त भिंतीकडे सरकत गेला. एक दिवस ते म्हणाले, मी बसमध्येच झोपत जातो, आणि आमच्यापैकी कोणीही नको म्हटलं नाही.

पावसाळ्यात बस गळायला लागली. गळली की बाबा गादीची वळकटी काखेत मारून घरात यायचे. पुढच्या खोलीत झोपायचे, आमच्याबरोबर जेवायचे, नातीला गणितं घालायचे, भाजीत मीठ कमी आहे म्हणून सुनेला चिडवायचे. दोन-चार दिवसांनी मी वेळ काढून छतावर चढायचो, गळती बुजवायचो, आणि वळकटी परत बसमध्ये जायची. मग पुन्हा पाऊस, पुन्हा वळकटी.

गळती शोधायची रीत त्यांचीच. पाणी जिथे टपकतं तिथे ते शिरलेलं नसतं. आतल्या लोखंडी कमानीवरून वाहत ते भलतीकडेच उतरतं. म्हणून एकानं छतावर पाण्याचा पाइप धरायचा, खालच्या कडेपासून सुरुवात करून हात-हातभर वर सरकायचं. दुसऱ्यानं आत खडू घेऊन बसायचं, थेंब दिसला की खूण करायची आणि ठोकायचं. दर वेळी मी वर आणि बाबा आत. ते ठोकायचे, मी हाताखाली दिसेल त्या ठिपक्यावर सिलिकॉन फासायचो आणि माझ्या बॉडीच्या दुकानात पळायचो. घाई करतोस, असं ते म्हणायचे. करतच होतो.

चौथ्या वेळी मात्र म्हटलं, आज मुळापर्यंत जायचं. बाबा केस कापायला गेले होते, मी एकटाच आत शिरलो. छताला आतून प्लायवूडच्या फळ्या होत्या. पलंगावरच्या फळीचे स्क्रू तेवढे चकचकीत, बाकीचे गंजलेले. ती फळी उतरवली. वर पत्र्यात एक नवं भोक होतं, अगदी गोल, आणि त्याच्या शेजारी ओळीनं तीन जुनी, माझ्याच सिलिकॉननं बुजलेली. गंजून पडलेलं भोक असं गोल नसतं. मी छतावर चढून नव्या भोकावरून बोट फिरवलं तर कापलंच. ड्रिल ज्या बाजूनं बाहेर पडतं त्या बाजूला पत्र्याची धारदार कड उठते. ही कड वर उठली होती, म्हणजे भोक आतून पाडलेलं. पुन्हा आत जाऊन खालची बाजू चाचपली. ती कानस मारून गुळगुळीत केलेली होती.

मी तिथेच पलंगावर बसलो. भोक पाडलं की कड घासायची, नाहीतर कोणाचा तरी हात कापतो, हे लहानपणी त्यांनी मला शंभरदा ऐकवलं होतं. चोरून भोक पाडतानाही त्यांना ती कड तशीच सोडवली नव्हती. मला राग आला, मग लाज वाटली, आणि लाज वाटली म्हणून पुन्हा राग आला. चार दिवस घरात झोपायला मिळावं म्हणून माझा बाप स्वतःच्या डोक्यावरचं छत फोडत होता. आणि मी, काखेत कळसा नि गावाला वळसा, पावसाळाभर फटी हुडकत होतो.

सरळ म्हणायला हवं होतं, बाबा, वळकटी उचला आणि घरात चला. पण मग मशिनं कुठे ठेवायची, बायकोशी काय बोलायचं, मीच तुम्हाला बाहेर जाऊ दिलं हे कबूल कसं करायचं? त्यापेक्षा पत्रा ठोकणं सोपं. चारही भोकांवर मिळून एकच तुकडा बसवला, खाली सिलिकॉन, कडेनं दाट रिव्हेट. इतकं पक्कं काम मी गिऱ्हाइकालाही कधी करून दिलं नसेल. फळी जागेवर लावली. मग त्यांच्या हत्यारांच्या पेटीतलं ड्रिल काढून माझ्या पिशवीत टाकलं.

बाबा आल्यावर मी पाइप घेऊन वर चढलो, ते खडू घेऊन आत बसले. मनाशी ठरवलं होतं की त्यांनी एकदा, अगदी खोटंच ठोकलं, तरी पाइप टाकून खाली उतरायचं आणि त्यांची गादी आपण स्वतः घरात न्यायची. पाऊण तास पाणी सोडलं. आतून आवाज नाही. शेवटी मीच वाकून विचारलं, "गळतंय का कुठे?"

आत पलंग करकरला.

"नाही," ते म्हणाले. "कोरडं आहे. काम चांगलं केलंस."

मी खाली उतरलो तर ते पेटी उघडून बसले होते. ड्रिल दुकानात लागतंय, नेतोय, असं मी त्यांच्याकडे न बघता सांगितलं. त्यांनी मान हलवली. मग माझा हात धरला आणि बोट उजेडाकडे वळवलं.

"कापलंय."

"पत्र्याची कड लागली."

"घासायला हवी होती," बाबा म्हणाले. "वरपर्यंत हात पोचला नाही."

मी हात सोडवून घेतला आणि पिशवी उचलून दुकानात गेलो.

दोन दिवसांनी दुपारी जोराचा पाऊस आला. बायकोनं सवयीनं चार ताटं मांडली. आम्ही दाराकडे बघत बसलो. समोर बसचे पडदे ओढलेले होते. आजोबा का आले नाहीत, असं मुलीनं विचारलं.

"आता गळत नाही ना," मी म्हणालो.

बायकोनं चौथं ताट उचललं.