भरदुपारचा तारा

"दिसला! अहो, दिसला!" शिवणकामवाली ओरडली आणि पाण्याच्या टाकीखाली जमलेली गर्दी पुढे रेटली गेली.

ऊन नुसतं मी म्हणत होतं. अशा भरदुपारी बंद कारखान्याच्या आवारात शे-दीडशे माणसं माना वर करून आकाशात तारा शोधत होती. आणि नवल म्हणजे एकामागून एक सगळ्यांना तो सापडत होता.

टाकीच्या सावलीत एक चटई अंथरलेली होती. तिच्यावर उभं राहायचं आणि समोरच्या इमारतीवरच्या अँटेनाच्या टोकाकडे बघायचं. बाजूला पांढऱ्या कपड्यांतले तारामहाराज उभे. ते कानाशी पुटपुटायचे, "नजर सगळ्यांनाच असते, बाळा. दर्शन मात्र निर्मळ मनालाच होतं. मनाची काच पूस. पुसलीस? आता बघ!"

काच पुसून झाली की तारा दिसायचा. नाहीच दिसला तर आतला मळ जुना समजायचा आणि महाराजांनी मंतरलेले थेंब घरी नेऊन डोळ्यांत घालायचे. कारभार मोठा सोयीचा होता. दिसला तर महाराजांची कृपा, न दिसला तर तुमचं पाप.

गर्दीच्या मागे तारांगणातली निवेदिका उभी होती. घुमटाखालच्या अंधारात माईक हातात घेऊन लोकांना ग्रहतारे समजावणं हे तिचं काम. बोलणं असं चुरचुरीत, की शाळेच्या सहलीतली पोरंसुद्धा खिदळत ऐकायची. आज मात्र तिच्या कपाळावर आठ्या होत्या. त्याला कारण होता तिच्या आईचा डोळा.

सकाळी चहा देताना तिने पाहिलं, आईचा उजवा डोळा लालबुंद झाला होता, नुसतं पाणी गळत होतं.

"काय घातलंस डोळ्यात?"

"काही नाही गं. धूळ गेली असेल."

पण पदराआड धरलेली बाटली लपली नाही. आई चाचरत म्हणाली, "महाराजांचे थेंब आहेत. शेजारणीला तारा दिसला, तिच्या सुनेलाही दिसला. मीच तेवढी राहिले. मी असं काय पाप केलं असेल गं?"

निवेदिकेच्या अंगाचा तिळपापड झाला. "माझी आई असून तू असल्या भोंदूच्या नादी लागतेस? लोकांना कळलं तर मी तारांगणात तोंड कसं दाखवू?"

आईने मान खाली घातली. संध्याकाळी डोळ्यांच्या डॉक्टरांकडे जायचं, असं बजावून निवेदिका तरातरा निघाली ती तारांगणाच्या वेधशाळेतली छोटी दुर्बीण घेऊन थेट इथे आली.

हा तारा म्हणजे काय, हे तिला बघताक्षणीच कळलं. तो शुक्र होता. आणि महाराजांचा चेहरा नीट न्याहाळल्यावर तिला ओळख पटली. हा माणूस पँट-शर्ट घालून वेधशाळेत यायचा! 'दिवसा शुक्र पाहा' हा कार्यक्रम तिनेच सुरू केला होता, पण तिकडे मोजकीच माणसं फिरकत. हा गृहस्थ मात्र पुन्हा पुन्हा यायचा, खोदून खोदून विचारायचा. कुणीतरी एवढ्या आवडीने शिकतंय म्हणून ती हरखली होती. सावलीत कसं उभं राहायचं, एखादं टोक खूण म्हणून कसं धरायचं, सगळं तिनेच तर शिकवलं होतं.

ती पुढे गेली. महाराजांनी तिला ओळखलं आणि ते हसतच हळू आवाजात म्हणाले, "या मॅडम. तारा तुमचाच आहे. तुम्ही नुसता दाखवत होता, मी गर्दी जमवली."

तिच्या कानशिलांतून वाफा निघाल्या. तिने तिथेच तिवई उभी केली, दुर्बीण आकाशाकडे रोखली आणि आवाज चढवला, "मीसुद्धा तारा दाखवते! इथून चांगला मोठा दिसेल. या, बघा!"

लोकांना काय, एकाऐवजी दोन चमत्कार. रांग लागली. शिवणकामवालीने डोळा लावला. "अगंबाई! केवढा तेजस्वी!" तिच्या मागचा न्हावी म्हणाला, "दिसला. लखलखतोय नुसता." कुणाला निळा दिसला, कुणाला फिरताना दिसला. निवेदिका बघत होती महाराजांकडे. आता कशी जिरवते याची, एवढंच तिच्या डोक्यात होतं.

"दिसला गं! मलाही दिसला!"

आवाज ओळखीचा होता. ती गर्रकन वळली. दुर्बिणीशी तिची आई होती. लेकीच्या मागोमाग ती कधी आली, रांगेत कधी उभी राहिली, कुणास ठाऊक. लाल डोळ्यातून पाणी गळत होतं आणि चेहरा आनंदाने उजळला होता.

निवेदिकेचा हात दुर्बिणीच्या पुढच्या टोकाकडे गेला होता, तो तिथेच थबकला. पण उशीर झाला होता. गर्दीतलं कुणीतरी ओरडलं, "अहो, ह्याचं झाकण तर काढलेलंच नाही!"

काळं झाकण तिच्या हातात आलं. मागून एकदा हसण्याचा फवारा उडाला आणि लगेच विरला, कारण हसणाऱ्यांतल्या अनेकांनीही तारा पाहिला होता. न्हावी चपलांकडे बघत राहिला. शिवणकामवालीने तोंड फिरवलं. आणि आई? तिला आधी काही उमगेचना. उमगलं तेव्हा ती चोरी पकडली गेल्यासारखी बाजूला सरकली.

काय काय बोलायचं ते निवेदिकेने वाटेत ठरवून ठेवलं होतं. ते सगळं सोडून ती आईजवळ गेली.

"आई," ती हळूच म्हणाली, "माझ्या कार्यक्रमाला आली होतीस तेव्हा तरी दिसला होता ना?"

आईने पदराने डोळा टिपला. मग म्हणाली, "नाही गं. तू माईकवर म्हणालीस ना, एवढा ठळक दिसत नसेल तर चष्म्याचं दुकान समोरच आहे. सगळे हसले. मग मीही म्हटलं, दिसला."

ते वाक्य निवेदिकेच्या नेहमीच्या विनोदांपैकी होतं. दर वेळी हशा मिळवायचं. त्या हशात किती जणांनी मुकाट्याने 'दिसला' म्हणून टाकलं असेल, हा विचार तिच्या मनाला कधी शिवलाच नव्हता. तिला वाटलं, धरणी दुभंगावी आणि आपल्याला पोटात घ्यावं.

ती लोकांकडे वळली. "तुम्हाला फसवलं ते मी. झाकण मुद्दाम ठेवलं होतं. माझं चुकलं. आता खरं काय ते सांगते. हा शुक्र आहे. सध्या तो इतका तेजस्वी आहे, की कुठे बघायचं ते माहीत असलं तर दिवसाही दिसतो. टाकीमुळे सूर्य झाकला जातो, अँटेनाच्या टोकामुळे नजर भरकटत नाही. यात पुण्य नाही की पाप नाही. आणि तो सरकत असतो, म्हणून महाराज मधूनमधून चटई हलवतात. महाराज, आज ती हलवू नका."

महाराज गडबडले. "यंत्राच्या सावलीने स्थान बाटतं!" म्हणत त्यांनी चटईला हात घातला, तेवढ्यात न्हावी तिच्यावर फतकल मारून बसला. "राहू दे की. बघू तर खरं."

थोड्या वेळाने अँटेनाच्या टोकावर कुणालाच काही दिसेना. महाराज म्हणाले, इथे पापाचा भार वाढलाय. पण तोवर निवेदिकेने दुर्बीण शुक्रावर नेमकी लावली होती. शिवणकामवाली बिचकतच पुढे आली. बराच वेळ डोळा लावून उभी राहिली.

"हा तारा नाही," ती पुटपुटली. "कोर आहे. चंद्रासारखी, चिमुकली."

"बरोबर. आत्ता खरंच दिसला तुम्हाला."

"मघाशी नव्हता दिसला," शिवणकामवाली म्हणाली. "कधीच नव्हता दिसला."

मग एकेकजण बोलू लागला. मलाही नव्हता. मलाही नाही. या गलबल्यात महाराज मागच्या फाटकाने कधी सटकले ते कुणाला कळलंच नाही.

संध्याकाळी डॉक्टरांनी आईचा डोळा तपासला. थेंबांमुळे बुबुळावर जखम झाली होती. "वेळेवर आलात, भरून येईल. अजून घालत राहिल्या असत्या तर डोळा गेला असता. आणि मोतीबिंदू चांगलाच पिकलाय. दोन्हीकडे. धूसर दिसतंय हे घरात कुणाच्या लक्षात नाही आलं?"

आई घाईघाईने म्हणाली, "तिला कामं असतात हो." निवेदिकेला ते डॉक्टरांच्या प्रश्नापेक्षाही जास्त लागलं.

शुक्राच्या पुढच्या कार्यक्रमाला वेधशाळेच्या गच्चीवर बरीच माणसं जमली. निवेदिकेने माईक घेतला. विनोद केला नाही.

"दुसऱ्याला दिसलं म्हणून आपल्याला दिसलंच पाहिजे, असं काही नाही," ती म्हणाली. "मी सांगते म्हणूनही मानू नका. स्वतः बघा, शंका आली तर विचारा आणि दिसत नसेल तर खुशाल सांगा. 'दिसत नाही' म्हणण्याची लाज वाटते, तिथेच भोंदूचं फावतं. ती लाज वाटायला मीसुद्धा हातभार लावलाय. तर आता सांगा, कुणाला दिसत नाहीये?"

माणसं एकमेकांकडे बघू लागली. ती थांबून राहिली.

मग कठड्याशी टेकलेले एक निवृत्त पोस्टमन घसा खाकरून म्हणाले, "मला नाही दिसत, बाई."

तिने माईक खाली ठेवला आणि ती त्यांच्याजवळ गेली.