वाचल्याची खूण

धाकटीने दादाला खुर्चीवरून जवळजवळ ढकललंच आणि माउस ताब्यात घेतला.

बाबांच्या कम्प्युटरवर निरोपांची ती वेबसाइट दादाने वेगळ्या ॲपमध्ये बसवून दिली होती. अशा ॲपमध्ये आपल्याला हवी ती जावास्क्रिप्ट, म्हणजे पानाने कसं दिसावं-वागावं याच्या सूचना, घालता येते. ही युक्ती दादाला तिनेच शिकवलेली, बाबांना अक्षरं मोठी दिसावीत म्हणून. तिच्या फोनवर तिचा प्रत्येक निरोप ‘वाचला’ असा दिसायचा. इथे तिचं नावही नव्हतं.

तिने सेटिंग उघडलं. मोठ्या अक्षरांच्या खाली एक ओळ होती: पाठवणारी धाकटी असेल तर निरोप लपव.

“लग्न मी केलं आणि पोटात तुझ्या दुखलं?”

दादाने माउसकडे हात नेला. तिने तो झटकला.

“म्हातारा माणूस माझ्या शब्दासाठी झुरत असेल आणि तू असले धंदे केलेस! लाज नाही वाटली?”

रागाच्या भरात पुढचं काही न वाचता तिने ती ओळ उडवली आणि ॲप पुन्हा सुरू केलं. निरोप धडाधड दिसू लागले. नवं घर, ऑपरेशन, बाळाचा पहिला फोटो.

आवाजाने बाबा बाहेर आले. पडद्याकडे बघून त्यांनी चष्मा काढला.

“हे परत कुणी आणलं?” त्यांनी दादाला विचारलं. तिच्याकडे पाहिलंही नाही. “मला दिसता कामा नये, असं बजावलं होतं ना तुला?”

“पण बाबा, तुम्ही वाचत होता...” धाकटी म्हणाली.

“मी एक अक्षर वाचलेलं नाही.”

आतल्या खोलीचं दार लागलं.

धाकटीने पुन्हा सेटिंग उघडलं. उडवलेल्या ओळीच्या जागेखाली आणखी एक ओळ होती: तिचा निरोप आला की आपोआप उघड, म्हणजे वाचल्याची खूण तिला जाईल.

“ती माझ्या डोक्याने घातली,” दादा म्हणाला. “तुला बरं वाटावं म्हणून.”

तिला ऑपरेशनला आत नेत होते तेव्हा तिने नवऱ्याला फोन दाखवला होता. बाबांनी वाचलं बघ, असं म्हणून हसलीही होती. आता तिला दादाच्या कानाखाली वाजवावीशी वाटली.

तिने पहिली ओळ होती तशी परत लिहिली. दुसरी पुसून टाकली.

“म्हणजे तू पाठवत राहणार?” दादाने विचारलं.

“तुला काय करायचंय?” ती म्हणाली आणि दाराशी जाऊन चप्पल पायात सरकवू लागली.