चौथी ‘अ’ची कट्टी

आमच्या शाळेत चौथीच्या दोन तुकड्या. ‘अ’ हेमाची, ‘ब’ माझी. मधे एक भिंत. भिंतीच्या पलीकडे देवघर आणि अलीकडे मासळीबाजार, असं आमचे मुख्याध्यापक श्यामसुंदर सर चारचौघांत म्हणतात. एका खोलीत पन्नास पोरं कोंबायची आणि वर शांतता मागायची. उंटावरून शेळ्या हाकायला काय जातंय? पण मी ऐकून घेते, कारण माझा वर्ग खरंच कलकलाट करतो.

हेमा तिशीची. पोरगी गुणी, कष्टाळू. उगाच नावं ठेवणार नाही. वर्ग व्यवस्थापनाचं प्रशिक्षण घेऊन आली आणि तिनं स्वतःची एक युक्ती काढली. छडी नाही, ओरडणं नाही, कायद्यात चोख बसणारी. तासाला जो बोलेल त्याच्याशी अख्ख्या वर्गानं कट्टी घ्यायची. शाळा सुटेपर्यंत त्याच्याशी बोलायचं नाही, डबा वाटून खायचा नाही, खेळायला घ्यायचं नाही. हेमानं करंगळी दाखवली की सगळ्या वर्गाच्या करंगळ्या वर. आठवड्याभरात वर्ग चिडीचूप. सरांनी मला फर्मान सोडलं, जाऊन बघा आणि शिका.

गेले. मागच्या बाकावर जाऊन बसले, तर शेजारी श्रद्धा एकटीच. ही जूनमध्ये परभणीकडून आलेली. वडील वैजनाथ हडपसरला कारखान्यात. आली तेव्हा काय बोलायची म्हणून सांगू, जिन्यात भेटली तरी ‘बाई, तुमी जेवल्या का’ विचारून मोकळी. साहजिकच कट्टी रोज तिच्याच वाट्याला. शाळा सुटली की कट्टी सुटली, हा नियम हेमाचा. पोरांनी तो कधीच गुंडाळून ठेवला होता. रिक्षात कट्टी, गल्लीत कट्टी, रविवारीसुद्धा कट्टी.

त्या दिवशी तिची पट्टी घरंगळत पुढच्या स्वरालीच्या पायाशी गेली. स्वरालीनं पाय तेवढा बाजूला घेतला, वाकली नाही, वळली नाही. श्रद्धा बाकाखाली शिरून पट्टी घेऊन आली. माझ्या तळपायाची आग मस्तकात गेली. आणि तास संपल्यावर हेमा मला कौतुकानं सांगते, श्रद्धा बघा किती सुधारली, आता एक शब्द बोलत नाही.

पुढच्याच सोमवारी वैजनाथ शाळेत आले, रात्रपाळी करून तसेच. शिक्षकखोलीत आम्ही दोघीच होतो. खुर्ची दिली तरी बसले नाहीत.

“पोरगी घरी बी बोलना गेली, बाई,” ते हेमाला म्हणाले. “आईनं हाक मारली तरी नुसती मान हलवती. दवाखाना केला, डॉक्टर म्हणला घशाला काही नाही. शाळंत काय झालंय का?”

हेमाचा चेहरा उतरला. बघते, एवढंच ती म्हणाली. ते गेल्यावर मात्र मला राहवलं नाही.

“मोठी माणसं एकमेकांना वाळीत टाकतात तेव्हा पोलिसात तक्रार होते, हेमा. तू ते चौथीच्या पोरांकडून पाठ करून घेतलंस.”

ती रडली. मला वाईटही वाटलं, पण शब्द मागे घेतला नाही.

दुसऱ्या दिवशी तिनं वर्गाला बट्टी करायला सांगितली. वर्ग आज्ञाधारक, सगळ्यांनी दोन-दोन बोटं पुढे केली. श्रद्धानं बाकाबाकाशी जाऊन प्रत्येकाच्या बोटांना बोटं लावली आणि जागेवर येऊन बसली. हेमा तिच्या बाकाशी खाली बसून विनवत राहिली, बाळा, काहीही बोल. पोरीनं ओठ घट्ट मिटले होते.

मी सरांकडे जाऊन म्हटलं, तिला माझ्या तुकडीत द्या. मासळीबाजारात का, त्यांनी विचारलं. हो, म्हटलं, तिथं निदान माणसं बोलतात.

मी तिला आमोदशेजारी बसवलं. हा पोरगा दगडाशीसुद्धा गप्पा मारेल. त्यानं तिला दादाची बाइक, मांजरीची पिल्लं, क्रिकेट, सगळं सगळं सांगितलं. डब्यातला शिरा दिला. ती खायची, ऐकायची, बोलायची मात्र नाही. शाळा सुटताना वैजनाथ फाटकाशी उभे असायचे आणि लांबूनच माझ्याकडे बघायचे. मी ‘अजून नाही’ अशी मान हलवायची. तेवढं करताना जीव तुटायचा.

काल गणिताचा तास होता. मी फळ्याकडे तोंड करून भागाकार लिहीत होते, पाठीमागे नेहमीचा कलकलाट. त्यात एक आवाज आला, “बाई.”

खास परभणीचा हेल. मी वळले. श्रद्धा उभी होती. माझे डोळे भरून आले, हातातला खडू कुठे पडला कळलं नाही. वर्ग आपणहून गप्प झाला; पोरंही इतके दिवस वाटच बघत होती.

“बोल गं माझ्या राजा,” मी म्हटलं.

तिनं आमोदकडे बोट केलं.

“ह्यो बोलायलाय. याच्याशी समद्यांनी कट्टी घ्या.”

आणि तिनं करंगळी वर केली. आमोदला वाटलं गंमत आहे. तो हसला, मग माझ्याकडे बघायला लागला. मी तोंड उघडायच्या आत पुढच्या बाकावर दोन करंगळ्या वर झाल्या, मग खिडकीकडच्या रांगेत चार-पाच. श्रद्धा मान वळवून वळवून त्या बघत होती, आणि माझ्या वर्गात आल्यापासून पहिल्यांदाच हसत होती.