शेषरावांची खरी पट्टी

'हॅलो, हॅलो' करत ज्याच्या तोंडावर तुम्ही फुंकर मारता, वर दोन टपल्या हाणता आणि गाणं फसलं की भर सभेत 'माईकच खराब आहे' म्हणून ज्याची बदनामी करता, तो मी बोलतोय. चार वर्षं ऐकून घेतलं. आता माझी बाजू ऐका.

जन्म कोणत्या कारखान्यातला, ते आठवत नाही. आठवतं ते वाशिमचं दुकान. एसटीतून कंडक्टर म्हणून निवृत्त झालेले शेषराव तिथे आले. त्यांनी मला हातात तोललं आणि दुकानदाराला विचारलं, "याचा आवाज किती दूर जाते?" सूर कसा लागतो, हे विचारलं नाही. मी तिथेच सावध व्हायला हवं होतं.

शिरपूरला दर रविवारी सकाळी कराओकेचं मंडळ बसतं. मोबाईलवर नुसतं संगीत लागतं, गाणारा गातो, मी त्याचा आवाज मोठा करतो. काम साधं आहे. माणसं साधी नाहीत. तिथे गाणं गळा पाहून निवडत नाहीत, मान पाहून निवडतात. अध्यक्ष रामकिसन गुरुजी सगळ्यांत ज्येष्ठ, म्हणून सगळ्यांत उंच सुराचं गाणं त्यांचं. नशिबाने त्यांचा गळा बारीक, त्यामुळे ते निभावतात. वयाने दुसरे शेषराव, म्हणून दुसऱ्या नंबरचं उंच गाणं त्यांचं. आणि शेषरावांचा आवाज कसा? रांजणात तोंड घालून बोलल्यासारखा, जड.

मोबाईलवर पट्टी खाली घ्यायचं बटण असतं. पण त्याला हात लावणं म्हणजे नवरदेवाने घोड्यावरून उतरून पायी मांडवात जाणं. कोणी लावत नाही.

मग व्हायचं ते व्हायचं. मुखडा कसाबसा पार पडायचा. अंतरा आला की शेषराव टाचा उचलायचे, भुवया उचलायचे, मला पकडलेला हात उचलायचे. सगळं वर जायचं, सूर तेवढा खाली राहायचा. शेवटी एक किंकाळी निघायची आणि दारातलं कुत्रं उठून जायचं. मग दोष कोणाला? मला! दोनदा उघडून माझी आतडी तपासली. गाणं एकदाही कोणी तपासलं नाही.

अशात त्यांच्या मुलाचं, संघदीपचं, साक्षगंध म्हणजे साखरपुडा ठरला. मुलगी किन्हीराजा गावची. शेषरावांनी घरात जाहीर केलं की त्या दिवशी आपण गाणार. तेच गाणं.

संघदीप खाली मान घालून म्हणाला, "बाबा, माह्या साक्षगंधात तेवढं गाऊ नोका. सोयरे पयल्यांदा येऊन राह्यले."

"काहून? बापाची लाज वाटते तुले?"

"बापाची नाही वाटत. अंतऱ्याची वाटते."

शेषरावांनी मला उचललं आणि कपाटात स्वेटरच्या घडीत ठेवून दिलं. तीस वर्षं ज्याच्या आवाजावर गाडी हलली आणि थांबली, त्याला पोटच्या पोराने गप्प केलं होतं. दोन दिवस बाहेरून मला त्यांचा शब्द ऐकू आला नाही. खोकलाही दबका यायचा.

तिसऱ्या दिवशी अंजनाबाईंनी कपाट उघडलं. मला नवऱ्याच्या हातात दिलं.

"हे घ्या. गाऊ नोका. फक्त गावाईचे नावं बोला. गाडीत बोलत होते तसे."

"येडी झाली का तू?"

"बोला त सही."

शेषरावांनी वैतागून तोंड उघडलं, "किन्हीराजाऽ... किन्हीराजावाले पुढं या... मांगं जागा हाये, मांगं सरका."

माझ्या जाळीतून काहीतरी गरम, रुंद वाहत गेलं. ताण नाही, खरखर नाही. खच्चून भरलेल्या गाडीत हा माणूस कधी ओरडलाच नव्हता. ओरडला असता तर दुपारपर्यंत गळा बसला असता. तो खालून, छातीतून बोलायचा आणि शेवटच्या बाकापर्यंत पोचायचा.

"हा तुमचा आवाज," अंजनाबाई म्हणाल्या. "तो गुरुजीचा हाये, जो तुमी रविवारी काढता."

मग त्यांनी नवऱ्याची परीक्षा घेतली. कोणतंही गाणं घ्या, पण सगळ्यांत उंच ओळ आधी म्हणायची. ती फाटली की गाणं बाद. तीन गाणी बाद झाली. चौथं जुनं, संथ, खालच्या सुरातलं. त्याची उंच ओळ थोडी कापली.

"पट्टी एक घर खाली घेऊ," अंजनाबाई म्हणाल्या.

"लोक काय म्हनतीन?"

"लोकाईले पट्टी दिसते का?"

साक्षगंधाच्या दुपारी शेषराव मला घेऊन उभे राहिले, तेव्हा संघदीपचा चेहरा उतरला. तो आईकडे पाहू लागला. आई खुशाल पाहुण्यांना पाणी देत होती.

गाणं सुरू झालं. अंतरा आला. टाचा जमिनीवरच राहिल्या. मांडवातली बडबड हळूहळू थांबली. गाणं संपलं तरी कोणी टाळी वाजवली नाही. शेषरावांच्या तळव्याला घाम सुटला, मला जाणवलं.

तेवढ्यात मुलीकडच्या म्हाताऱ्या रुपाबाई मागून ओरडल्या, "बंद काहून केली रेकॉर्ड? वाजू द्या ना!"

मांडव हसला. संघदीप हसला नाही. तो उठून आला, बापाच्या हातातून मला घेतलं आणि माझ्यात बोलला, "रेकॉर्ड नोय, आजी. माहे बाबा हायेत."

इथे माझी गोष्ट सुखात संपायला हवी होती. पण माणसं शिकतात ते नेमकं चुकीचं! शेषरावांचं ते गाणं गाजलं, म्हणून आता मंडळातल्या प्रत्येकाला तेच हवं आहे. गुरुजींनी तर आपलं जमणारं उंच गाणं सोडून दिलं. ते खालच्या सुराला गेले की बुडत्या घागरीसारखे बुडबुडे तेवढे ऐकू येतात. शेषराव त्यांना समजावायला गेले होते. गुरुजी म्हणाले, "तुमाले जमते, त मले काहून नाही जमनार?"

माझी जाळी चेपली आहे, बॅटरी जेमतेम तासभर पुरते. या रविवारी पहिला नंबर गुरुजींचा आहे. वाचकहो, तुमच्यापैकी कोणी शिरपूरचं असेल तर एवढी दया करा. शनिवारी मला चार्जिंगला लावू नका.