पुढच्या पायांचे नाल

नानाजीने कडुनिंबाच्या कोमट पाण्यात चिंधी बुडवली, पिळली आणि बिजल्याच्या डाव्या नाकपुडीवरून हलकेच खाली ओढली. सरसासारखा चिकट पिवळा पू चिंधीबरोबर तार धरून आला आणि तुटला. त्याने चिंधी शेजारच्या निखाऱ्यांवर टाकली. चर्र झाले, वास उठला. कुंपणापलीकडे उभे असलेले लोक नाकाला धोतराचा सोगा लावून दोन पावले मागे झाले. पण त्यांतला एकही घरी गेला नाही.

त्याने दुसरी चिंधी घेतली. त्या लोकांकडे त्याने पाहिलेही नाही. पाहिले असते तर त्याच्या तोंडून काहीतरी वाईट निघाले असते.

नानाजी धानोऱ्याचा देवी टोचणारा. जनपद सभेची नोकरी, लाकडी पेटीत लशीच्या नळ्या आणि टोचायची फिरकी, आणि बसायला हा काळा टट्टू. कपाळावर पांढरा ओरखडा, म्हणून बिजल्या. पंधरा-सोळा वर्षे दोघांनी मिळून हा जंगलाचा मुलूख तुडवला होता. देवी आलेल्या गावांत नानाजीने असे देह पाहिले होते की ज्यांना त्यांच्या सख्ख्या आयांनी झोपडीबाहेर काढून पळसाच्या पानांवर ठेवले होते. तो त्यांच्याजवळ बसे, माश्या वारी, पाणी पाजी. घरचे लोक दुरून पाहत. अशा वेळी त्याला रोग्याची कधी किळस आली नाही, आली ती दूर उभ्या असलेल्यांची. ही गोष्ट तो कोणाला बोलून दाखवत नसे, पण मनात तिचा त्याला फार अभिमान होता.

बिजल्याचे नाक शिशिरात वाहू लागले. आधी सर्दी वाटली. मग जबड्याखाली गाठी आल्या, नाकपुडीच्या आत फोड उठले, मागच्या पायावर गोळ्या येऊन फुटल्या. चांद्याहून गुरांचा डॉक्टर जीपने आला. नुकताच शिकून आलेला, बोलायला सभ्य. रोगाची परीक्षा म्हणून त्याने बिजल्याच्या डोळ्याखाली सुई टोचली आणि मुक्काम केला. दुसऱ्या दिवशी डोळा मुठीएवढा सुजला. डॉक्टरने रोगाचे इंग्रजी नाव सांगितले. गावातले म्हातारे त्याला शेंबा म्हणत.

याला औषध नाही, डॉक्टर म्हणाला. घोड्याला गोळी घालून पुरावे लागते, वर चुना टाकावा लागतो, खोगीर, लगाम, गळ्यातले पट्टे जाळावे लागतात. कायदाच तसा आहे. मग त्याने आवाज उतरवून सांगितले की हा रोग माणसालाही होतो आणि माणूसही वाचत नाही, तेव्हा यापुढे घोड्याला हात लावू नका.

नानाजीने हात लावणे सोडले नाही. उलट दिवसातून चारदा नाक पुसू लागला.

त्याची बायको सुगंधाबाई त्या दिवसापासून त्याचे ताट ओसरीवर ठेवू लागली. भात वाढून ती आत जाई आणि दाराआडून विचारी, आणखी पाहिजे का. त्याचे अंथरूणही ओसरीवर आले. एकदा तो तिला म्हणाला की याच घोड्यावर बसून तू बाळंतपणाला माहेरी गेली होतीस, नदीला पूर होता, आठवते का.

"मले आठवते," ती दाराआडून म्हणाली. "पन घरात लेकरं आहेत."

त्याला तिचाही वीट आला. इतक्या वर्षांत ही बाई आपल्यापासून काहीच शिकली नाही, असे त्याला वाटले, आणि त्याने ताट तसेच सरकवून दिले.

गावात परवान्याची बंदूक एकट्या बापूजीकडे होती. बापूजीने नवे घर बांधायला काढले होते. चार दिवसांनी डॉक्टर गोळीचा हुकूम घेऊन परत आला, त्या सकाळी बापूजी खांद्यावर बंदूक टाकूनच आला आणि कुंपणाजवळ थांबला.

गोळीचे मी काही घेणार नाही, तुझे जनावर म्हणजे घरचेच, असे तो आधी म्हणाला. मग इकडचे तिकडचे बोलला. मोहाला यंदा फूल चांगले आहे म्हणाला. शेवटी मुद्द्यावर आला.

"पुढच्या पायाचे नाल देऊन टाक, नानाजी. काऱ्या घोड्याचे आहेत. माह्या चौकटीले ठोकतो."

"मेल्यावर घे."

"मेल्यावर त्यात काई राहत नाई. जित्या पायाचेच लागतात."

नानाजीने डॉक्टरकडे पाहिले. नाल जाळात लाल करून घेतले तर धोका नाही, डॉक्टर म्हणाला, आणि दुसरीकडे पाहू लागला. दुसरी बंदूक आणायची तर गडचिरोलीला माणूस पाठवावा लागला असता, आणि डॉक्टरला आणखी थांबता येत नव्हते.

नानाजीने घरातून सांडशी आणि हातोडी आणली. बिजल्याजवळ बसला आणि नेहमीसारखे "पाय" म्हणाला. बिजल्याने पाय उचलून त्याच्या मांडीवर ठेवला. हा पाय मांडीवर यायचा तेव्हा पुढे काही चांगले व्हायचे: काटा निघायचा, खडा निघायचा, नवा नाल बसायचा. खिळे एकेक करून निघाले. दुसऱ्या पायाला सांगावेही लागले नाही. नाल निघाल्यावर बिजल्याने मोकळा खूर जमिनीवर टेकला, उचलला, परत टेकला. त्याला ते नवे वाटत होते.

बापूजीने ते नाल काठीने ओढून निखाऱ्यांत घातले. तेव्हाही त्याचा दुसरा हात नाकावरच होता. या माणसाचे अन्न आपण खाल्ले आहे, याच्या नातवंडांना टोचले आहे, एवढेच नानाजीच्या डोक्यात फिरत राहिले.

निघायच्या वेळी सुगंधाबाई दारात आली. पानावर गुळाचा खडा होता. तिने तो अंगणाच्या मध्यावर ठेवला आणि परत उंबऱ्यात जाऊन उभी राहिली. बिजल्याने गूळ खाल्ला, पान चाटले. तिने डोळ्याला पदर लावला. नानाजीला त्या पदराचाही राग आला.

खड्डा बोडीच्या पलीकडे होता. बोडी म्हणजे गावचे लहानसे तळे. तिच्या बांधावर मोहाची झाडे होती. रात्रभर गळालेली फुले अजून कोणी वेचली नव्हती. बिजल्या थांबला. मोहाची फुले त्याला भारी आवडत. दर चैत्रात यावरून दोघांचे भांडण व्हायचे, कारण फुले खाऊन हा रस्ताभर डुलत चालायचा. आज नानाजीने दोर सैल सोडला. बिजल्या ओठांनी एकेक फूल उचलत राहिला. नाकातले गळत होते ते फुलांवर पडत होते, आणि तो तीच फुले खात होता. मागे आलेल्या गर्दीतून कोणीतरी ओकारी आल्यासारखा आवाज काढला. एक बाई तिच्या शेजारणीला म्हणाली की आता इकडची फुले यंदा कोणी वेचू नये.

"चला, ऊन चढून राह्यलं," बापूजी म्हणाला.

खड्डा मुखरूने खोदला होता. गावची असली कामे तोच करी. तो चुन्याच्या पोत्यापाशी फावडे धरून उभा होता, आणि सगळ्या गर्दीत तेवढ्या एकाच माणसाच्या नाकावर फडके नव्हते. डॉक्टरने बापूजीला जागा दाखवली. कपाळावरच्या पांढऱ्या ओरखड्याच्या जरा वर, अगदी जवळून. घोडा स्थिर पाहिजे. नानाजीला त्याने सांगितले की दोर खुंट्याला बांधा आणि बाजूला या.

नानाजीने सांगितले की दोर मी धरतो. त्याचा पाय हलत नाही माझ्याजवळ.

डॉक्टरने होकारार्थी मान हलवली. बापूजीने बंदूक भरली.

नानाजी बिजल्याच्या समोर उभा राहिला. इतके दिवस तो बाजूने नाक पुसत आला होता, एक हात जबड्याखाली, मान पलीकडे वळवून. समोरासमोर दोघे बऱ्याच दिवसांनी येत होते. एक डोळा सुजून बंद झालेला. दुसरा तसाच, मोठा, काळा. नानाजीला काहीतरी बोलायचे होते. वाटेत त्याने ते मनाशी जुळवलेही होते. पण एवढ्या लोकांत तोंड उघडेना.

बिजल्याने मान पुढे केली. रोज खोगीर उतरवल्यावर तो आपले तोंड नानाजीच्या मानेत खुपसायचा, कानाजवळ फुरफुरायचा, मगच चाऱ्याकडे वळायचा. तसेच आता त्याने केले. नाकपुड्या नानाजीच्या चेहऱ्यासमोर आल्या. आतले फोड दिसले, लाल, कडा खाल्लेले. गरम श्वास तोंडावर आला. कुजका, गोडसर वास, वर मोहाच्या फुलांचा. एक पिवळी तार खाली लोंबत होती आणि ती नानाजीच्या ओठांकडे येत होती.

नानाजी मागे सरकला.

त्यात विचार नव्हता. पाय आपोआप गेले, हात तोंडावर गेला, दोर सुटला. बिजल्याला ते कळले नाही. समोरचा माणूस लांब गेला म्हणून त्याने एक पाऊल पुढे टाकले, मान आणखी लांब केली, आणि त्याच क्षणी बापूजीने चाप ओढला.

गोळी जबड्यात लागली. त्यानंतर जे झाले ते पाहून जमलेल्यांपैकी निम्मे लोक पाठ फिरवून पळाले. बिजल्या गुडघ्यांवर आला, उठायला पाहू लागला. डॉक्टर ओरडला, बापूजीचे दुसरे काडतूस नळीत जाईना. तेवढा सगळा वेळ बिजल्याचा उघडा डोळा नानाजीकडे होता. नानाजीचा हात अजून तोंडावरच होता.

दुसरी गोळी नीट लागली.

"हाललं ना ते," बापूजी म्हणाला. "मी काय करू? हाललं."

मुखरूने कोणाकडे न पाहता चुन्याचे पोते उघडले. त्याने आणि डॉक्टरबरोबर आलेल्या शिपायाने बिजल्याला दोरांनी खड्ड्यात ओढले. माती पडू लागली तेव्हा नानाजी बोडीच्या काठावर बसून हात धूत होता. दोन्ही हात केव्हाच स्वच्छ झाले होते. तरी तो धूत होता.

नानाजीला रोग झाला नाही. डॉक्टरने पुन्हा येऊन त्याला तपासले आणि काळजी नाही म्हणून सांगितले. सुगंधाबाईने त्याचे अंथरूण आत घेतले. ती जरा जास्तच बोलू लागली, ताटाजवळ बसू लागली. तो हो-नाही म्हणे. बापूजीच्या चौकटीला दोन नाल ठोकले गेले. त्या घरावरून जाताना नानाजी आता मान खाली घाली. बापूजीची त्याला आधी आली होती तशी किळस काही केल्या परत येईना.

टोचणीचे दिवस संपत आले होते, डोंगराकडची गावे राहिली होती. पेटी खांद्यावर टाकून तो पायी निघाला. पहिले गाव गोंडांचे, दहा-बारा घरांचे. एरवी बिजल्याच्या गळ्यातल्या घुंगरांचा आवाज आला की इथल्या बाया लेकरांना धान साठवायच्या ढोलीत लपवायच्या, आणि मग अर्धा दिवस समजूत घालण्यात जायचा. आज तो गावात पोचला तेव्हा कोणाला पत्ताच नव्हता. पण त्याला ओळखल्यावर कोणी पळाले नाही. बाया आपणहून लेकरे घेऊन आल्या आणि आंब्याखाली बसल्या.

सगळ्यांत पुढे सोमारी होती, नातवाला मांडीवर घेऊन. दरवर्षी हीच बाई त्याला शिव्या देऊन गावाबाहेर काढू पाहायची. आज तिने "बस, बाबू" म्हणून त्याच्यासाठी बाज टाकली.

मुखरू बाजारात भेटला होता, ती म्हणाली. त्याने सगळे सांगितले. घोड्याला असा रोग होता की कोणी जवळ जाईना, पण बाबूने शेवटपर्यंत त्याला सोडले नाही. गोळी घालताना त्याच्या गळ्याला मिठी मारून उभा होता. डॉक्टरने ओढून काढले म्हणून वाचला. हे ऐकून गावाने ठरवले की जो माणूस जनावराला असा धरतो, तो आपल्या लेकराचे वाईट करणार नाही.

नानाजीने स्पिरिटचा दिवा लावला. फिरकी ज्योतीवर धरली, काढली, परत धरली.

"खरं आहे ना, बाबू?" सोमारीने विचारले. "तुह्या हातातच जीव गेला ना त्याचा?"

बाया ऐकत होत्या. एकीने लेकराचा दंड आधीच मोकळा करून धरला होता. मुखरू तर त्या दिवशी तिथेच उभा होता, चुन्याच्या पोत्यापाशी. त्याने सगळे पाहिले होते.

"हो," नानाजी म्हणाला.

सोमारीने डोळे पुसले. तिने नातवाचा हात पुढे केला. नानाजीने लस लावली, फिरकी टेकवली, फिरवली. पोर जरा रडले. मग दुसरे आले, तिसरे आले. एकाही आईने त्याचा हात धरून थांबवले नाही. इतके सोपे काम त्याला या गावात कधी पडले नव्हते.

सगळे झाल्यावर सोमारीने भोपळ्याच्या तुंब्यात पाणी आणून दिले. नानाजीने तोंडात घेतले, खुळखुळवले आणि बाजूला जाऊन टाकले. परत घेतले, परत टाकले. तिसऱ्यांदा त्याने तुंबा तोंडाला लावला तेव्हा ती जवळ आली.

"पानी खराब आहे का, बाबू?"

"नाई," तोंडातले खाली टाकून तो म्हणाला. "पानी चांगलं आहे."

आणि त्याने आणखी मागितले.