बटकीची मॅडम झाली

ओदीलचं तांपेल्गा गावात बिनसलं ते काही भांडणतंटा होऊन नाही हं. तिनं कुणाच्या पोराला मारलं नाही, कुणाचं काही बुडवलं नाही. नोबिला म्हाताऱ्यानं एक दिवस डोक्यावरची टोपी काढली आणि तिला 'मॅडम' म्हणाला, एवढंच झालं. पण तेवढ्यानंच सगळं गेलं.

पहिल्यापासून सांगतो, नाहीतर कळायचं नाही.

ओदीलचं आडनाव तोए. तोए म्हटलं की सामो जमातीची, हे आमच्याकडे शेंबड्या पोरालाही कळतं. आणि तांपेल्गा म्हणजे झाडून सगळे मोसी. आता सामो आणि मोसी यांचं बापजाद्यांपासून थट्टेचं नातं, रकीरे. मोसीनं सामोला कुत्रीखाऊ म्हणावं, गुलाम म्हणावं, वाट्टेल ते बोलावं, सामोनं त्याच्या दुप्पट परत करावं, आणि रागवायचं मात्र कुणीच नाही. जो रागावला तो नात्यातून उठला. हे कुणी शिकवावं लागत नाही, आईच्या दुधाबरोबरच येतं.

ओदील वागाडुगूत वाढलेली, शहरातली पोरगी, पण तिलाही हे येत होतं बरं का, चांगलं येत होतं. सव्विसाव्या वर्षी ती शाळेची मुख्य म्हणून नेमली गेली. भर बाजारात मालट्रकच्या टपावरून धुळीनं लाल होऊन उतरली, तेव्हा पालक समितीचा अध्यक्ष नोबिला गाढवाची गाडी घेऊन तिला न्यायला आला होता. त्यानं नाव विचारलं. तिनं सांगितलं. म्हाताऱ्यानं कपाळाला हात लावला.

"तोए? सरकारकडे माणसं संपली वाटतं. कुत्र्याची मुंडी खाणारी पाठवलीय. अरे, कुत्री आत बांधा रे गावातली."

ओदीलचं अंग ठणकत होतं, घशात धूळ होती, पण ती एक क्षण थांबली नाही.

"कुत्री राहू देत," ती म्हणाली. "मी माझ्या बापाचे पळालेले गडी गोळा करायला आलेय. पहिला तूच सापडलास. चल, पेटी उचल."

बाजार हसून हसून लोळला. आणि म्हाताऱ्यानं काय करावं? गाडी शेजारी उभी असताना तिची लोखंडी पेटी डोक्यावर घेतली आणि शाळेपर्यंत नाचत नेली. त्या दिवसापासून ती त्याची बटीक आणि तो तिचा गडी.

शाळेला खोल्या दोनच होत्या, तिसरा वर्ग गवताच्या मांडवात बसायचा. वारं सुटलं की फळा पडायचा. ऑक्टोबरात नवी पोरं घ्यायची तर तिसरी खोली हवीच. पत्रे आणि गवंडी वरून मिळणार होते, पण विटा गावानं पाडायच्या, अशी अट होती. आणि त्याही तळ्यात पाणी आहे तोवर, म्हणजे बाजरी घरात आल्यापासून उन्हाळा तापेपर्यंत. ओदीलनं आधी शाळेच्या भिंतीवर सूचना लावली. ती सूचना एका शेळीनं खाल्ली.

मग नोबिला तिला घरोघर घेऊन गेला. दारात उभा राहून ओरडायचा की माझ्या बटकीला विटा हव्यात, देऊन टाका, नाहीतर तुमची कुत्री मोजून ठेवा. ती मागून म्हणायची, या गड्याचं ऐकू नका, फुकट खातो, आधी याच्याकडून विटा घ्या. बायका हसता हसता घमेली उचलायच्या. शुक्रवारच्या बाजारात दोलोच्या मडक्यांभोवती दोघांची जुंपली की ज्वारीची ती आंबट दारू राहायची बाजूला आणि लोक ऐकत बसायचे. उठताना कुणीतरी आपणहून सांगून जायचं की सोमवारी आमची आळी येते तळ्यावर. झाली सभा! नोबिलाची बायको लामूसा तर चुलीमागून पोरी ओढून शाळेत आणून सोडायची. जानेवारीपर्यंत अर्ध्याहून जास्त विटा रचून झाल्या होत्या, एका ओळीत, उन्हात वाळत.

आणि जानेवारीतच ओदील शहरात प्रशिक्षणाला गेली. नेतृत्वाचं प्रशिक्षण. पंख्याचा हॉल, प्रत्येकासमोर पाण्याची बाटली. तिथं एकानं सांगितलं की मुख्य माणसानं आपली जागा दिसेल असं वागावं, जो सगळ्यांत मिसळतो त्याचं कुणी ऐकत नाही. ओदीलला ते फार पटलं. का पटलं कुणास ठाऊक, तिचं तर ऐकतच होते सगळे. परत आली ती कडक इस्त्रीचे कपडे घालून, आणि सभेत स्वतःसाठी पुढं खुर्ची मांडायला लागली. नोबिला म्हणाला, बटीक खुर्चीवर आणि मालक जमिनीवर, आता पाऊस खालून वर पडणार. ती हसली. पण नेहमीपेक्षा जरा कमी हसली.

फेब्रुवारीत निरीक्षक साहेब आले. कडुलिंबाखाली सगळं गाव जमलं, पोरं रांगेत. साहेबांचा शेरा चांगला आला तर पत्रे लवकर येणार होते. साहेबांनी विटांचा ढीग पाहिला, मान डोलावली, खूष दिसले. मग अध्यक्ष म्हणून नोबिला बोलायला उठला.

"साहेब, शाळा झकास आहे. तक्रार एकच. किल्ली तुम्ही माझ्या बटकीच्या हातात दिलीत. बाहेरून कुत्र्याची मुंडी गेली की ही वर्ग सोडून मागं पळते."

गाव हसलं, पोरं हसली, साहेब तर इतके हसले की त्यांनी चष्मा काढून डोळे पुसले. आणि ओदीलला वाटलं, साहेब मला हसतायत. बघा ना, एवढंच वाटलं तिला. ती उठली. आणि बोलली ती मोरे या गावाच्या भाषेत नाही, फ्रेंचमध्ये बोलली.

"इथं मी सामो नाही. मी या शाळेची मुख्य आहे. माझ्याशी नीट बोलायचं."

अर्ध्या गावाला कळलंच नाही. तिचा सहशिक्षक रास्मने, त्याला ते मोरेत सांगावं लागलं, आणि त्यानं सांगितलं ते स्वतःच्या पायांकडं बघत. तरी मागची दोनचार माणसं हसली, त्यांना वाटलं काय जबरदस्त टोला हाणलाय पोरीनं, आता म्हातारा काय म्हणतो बघू. मग त्यांनी तिचं तोंड पाहिलं. साहेबांनीही चष्मा परत लावला आणि ते विटांकडं बघायला लागले.

नोबिलानं टोपी काढली. दोन्ही हातांत धरली.

"चुकलं, मॅडम," तो म्हणाला.

साहेबांचा शेरा चांगला आला. पत्रे मंजूर झाले. आणि विटा थांबल्या.

गाव नाही म्हणालं नाही, तेच तर झालं. नाही म्हणालं असतं तर भांडता आलं असतं. ओदील आळीत गेली की माणसं उठून उभी राहायची, हो मॅडम, येतो मॅडम, सोमवारी नक्की मॅडम. सोमवारी तळ्यावर ती आणि रास्मने आणि विटांचे रिकामे साचे. बाजारात ती दोलोच्या मडक्याशी आली की बोलणं हळू व्हायचं, कुणीतरी तिच्यासाठी बाक पुसून द्यायचं. पुसून, बरं का. आधी तिला दुसऱ्याला ढकलून जागा करावी लागायची.

शेवटी ती, माफी मागायला नेतात ती कोलाची कडू फळं घेऊन नोबिलाच्या घरी गेली. त्या अंगणात त्याची एक आरामखुर्ची होती, वेताची, मधोमध खचलेली. आधी ओदील गेली की त्याच्या नडगीवर हळूच लाथ मारून ती खुर्ची बळकावायची आणि तो आरडाओरडा करायचा की लुटलं, लुटलं. त्या दिवशी तो तिला पाहून स्वतः उठला, खुर्ची झटकली, तिच्यापुढं ठेवली आणि आपण खाली मातीत बसला. लामूसानं बाजरीच्या पिठाचं पाणी आणून दिलं, भोपळ्याची वाटी दोनदा विसळून.

ओदील म्हणाली, "मला माफ करा."

"तुम्ही कशाला, मॅडम," तो म्हणाला. "जीभ माझी सैल."

बसली दोघं. खरं म्हणजे तिच्या जिभेच्या टोकावर होतं, अगदी तयार होतं: ऊठ रे तिथनं, माझा गडी धुळीत लोळलेला मला शोभत नाही. तेवढं म्हणाली असती तर तिथंच सुटला असता गुंता, कारण या नात्यात माफी चालतच नाही, तिथं शिवीच लागते. ओदीलला हे माहीत होतं. पण बोलणं खरं मानता येतं हे तिनंच तर दाखवलं होतं ना सगळ्या गावाला. आता तिची शिवी त्यानं खरी मानली तर? तिनं पाणी पिऊन वाटी खाली ठेवली, आभार मानले आणि निघाली. लामूसा दारापर्यंत आली. काहीतरी बोलेल असं वाटलं. म्हणाली, "पुन्हा या, मॅडम."

एप्रिलमध्ये नोबिला आजारी पडला. छाती भरली, ताप उतरेना. ओदीलनं रास्मनेच्या हातून गोळ्या पाठवल्या, लिंबं पाठवली, पण स्वतः गेली नाही. तिला सारखं वाटायचं, आपण गेलो तर त्या आजारी माणसाला उठून खुर्ची झटकावी लागेल. खोटं वाटेल तुम्हाला, पण एवढ्यासाठी गेली नाही ती.

मेच्या सुरुवातीला तो गेला.

ओदीलनं शाळा बंद ठेवली, गडद रंगाचे इस्त्रीचे कपडे घातले, आणि पोरांना फाटकाबाहेर दोन रांगांत उभं केलं, हात मागं, आवाज नाही. तिला वाटलं, शाळेकडून मान द्यायचा तर असाच देतात. दुपारी ते आले. चटईत गुंडाळलेला नोबिला चौघांच्या खांद्यांवर, मागं गाव, पुढं ढोल. फाटकासमोर आले, आणि थांबले. ढोल थांबला. चौघांनी चटई खाली ठेवली, रस्त्यातच, ओदीलच्या पायांपासून चार हातांवर.

ओदीलनं मान खाली घातली. हात जोडले. डोळ्यांतून पाणी येत होतं, ते तिनं पुसलं नाही.

कुणी हललं नाही. बराच वेळ गेला. नोबिलाच्या थोरल्या मुलानं घाम पुसला, खांदा चोळला, पुन्हा चोळला. एक म्हातारी खाकरली. लामूसा ओदीलकडं बघत होती, टक लावून, पण ओदीलची मान खालीच. मग मुलानं हळूच काहीतरी म्हटलं, चौघांनी चटई उचलली आणि ते गेले.

पोरं पांगल्यावर रास्मने तिच्याजवळ आला. म्हणाला, "मॅडम, आमच्यात प्रेत वाटेत टेकवत नाहीत."

"दमले असतील," ओदील म्हणाली.

"कशानं? हाडं उरली होती त्याची. आणि स्मशानाची वाट तिकडून आहे, तळ्याच्या बाजूनं. इकडून कोण जातं?"

तेव्हा कुठं तिच्या लक्षात आलं. ओदील लहान असताना, वागाडुगूत, त्यांचा मोसी शेजारी वारला होता आणि तिचा बाप बुटांसकट त्याच्या खड्ड्यात उतरून बसला होता. माझा गडी मला न विचारता कुठं चालला, मी नाही सोडत, असं ओरडत होता. दोन कोंबड्या मिळाल्या तेव्हा बाहेर आला. रडणारी माणसं पोट धरून हसली होती, ती स्वतः हसली होती. सामोनं अडवल्याशिवाय मोसी मातीत जात नाही. आणि हे लोक म्हाताऱ्याला एवढा वळसा घालून तिच्या दारात घेऊन आले होते. खाली ठेवून वाट बघत उभे होते. तिनं फक्त आडवं पडायचं होतं.

ती धावली. इस्त्रीच्या कपड्यांत, तळ्याच्या कडेनं. वाटेत एका चपलेचा पट्टा तुटला, ती तिथंच टाकली. पोचली तेव्हा माती लोटून झाली होती. माणसं हात धूत होती. कुणीतरी म्हणालं, मॅडमना वाट द्या, आणि सगळे अदबीनं बाजूला झाले.

ओदील त्या ओल्या ढिगावर जाऊन पडली. सरळ आडवी.

"ए गड्या," ती ओरडली, मोरेत, घसा फाटेपर्यंत. "कुणाला विचारून निघालास? माझ्या विटा अर्ध्यावर टाकून इथं येऊन झोपलास? मोसी मेला तरी कामचुकारच. ऊठ. माझी पेटी कोण उचलणार परत जाताना, तुझा बाप?"

आणि थांबली. सवयीनं थांबली हो, कारण तिचं वाक्य संपायच्या आत त्याचं उत्तर यायचं नेहमी. लोकही थांबले. कुणाच्या तरी हातातलं फावडं दगडाला लागलं, तेवढाच आवाज.

मग लामूसा आली, तिच्याशेजारी मातीत बसली आणि तिच्या पाठीवर हात ठेवला.

"केवढा उशीर केलास गं, बटके," ती म्हणाली. "तो तुझ्या दारात थांबला होता."

विटांचं म्हणाल तर त्याच आठवड्यात माणसं आली तळ्यावर, कुणी न बोलावता आली. पण तळ्यात चिखलच उरला होता, आणि आधीचा ढीग इतके दिवस कुणी झाकलाच नव्हता. जूनमध्ये पावसानं तो खाल्ला. खोली उभी राहायला आणखी एक वर्ष गेलं. त्या ऑक्टोबरात नवी पोरं घेतलीच नाहीत, ती घरीच राहिली. आता ओदीलला सगळं गाव पुन्हा बटीक म्हणतं, ती उत्तरं देते, चांगली देते, लोक हसतात.

पण त्या जूनमध्ये ती भिजत उभी होती, विटांचा चिखल होताना बघत, आणि हे पाहून नोबिला काय म्हणाला असता ते मनात जुळवून बघत होती. एकदा जुळवलं, दोनदा जुळवलं. नाही जमलं. त्याचं बोलणं त्यालाच यायचं.