गाळलेल्या ओळी

चाळीस वर्षं छापखान्यात मी लोकांच्या पुस्तकांची प्रुफं तपासली. स्वतःचंही रोज एक पान लिहीत आलो. ते कुणी वाचलं नाही, आणि वाचावं असं त्यात काही होतं याची मलाही खात्री नाही. बायको म्हणायची, "तुमचं लिखाण म्हणजे झाकली मूठ. झाकलेलीच बरी."

गेल्या हिवाळ्यात तिला रात्री धाप लागू लागली आणि माझी झोप उडाली. लिहायला बसलो तरी कान तिच्या श्वासाकडे. पान कोरंच राहायचं. सकाळी तिला रात्रीचं काही आठवत नसे. मग मुलीने एक वही आणून दिली.

"बाबा, आईला किती वाजता, किती वेळा धाप लागते ते यात लिहा. डॉक्टरांना दाखवायचंय. नाहीतरी तुम्ही जागेच असता."

पहिल्या रात्री लिहिलं: दोन वाजता धाप लागली. पाठ चोळली. सव्वादोनला धाप लागली. पाठ चोळली. सकाळी वाचून पाहिलं तर एकच वाक्य सात वेळा! अशी पुनरुक्ती मी नवशिक्या लेखकालाही दाखवून दिली असती. चहा उकळेपर्यंत मी सगळं नव्याने उतरवलं: 'मध्यरात्रीनंतर धाप लागली. खिडकीची काच उजळली तेव्हा मात्र ती शांत झोपली होती.' वाचायला बरं वाटलं. मग रोजचंच झालं. कच्चं जुन्या प्रुफांच्या पाठीवर, पक्कं वहीत. सगळ्या दिवसात तेवढा एक तास माझा कान तिच्या श्वासाकडे नसे.

डॉक्टरांनी वही चाळली. "झकास लिहिता हो, आजोबा! रात्रीतून एकदाच लागते म्हणजे. आहेत त्याच गोळ्या चालू ठेवू."

अठ्ठ्याहत्तराव्या वर्षी मला पहिला वाचक मिळाला होता. येताना मी शाईची नवी बाटली घेतली.

तीन आठवड्यांनी, भरदुपारी, भाजी निवडता निवडता तिचे ओठ निळे पडले. हॉस्पिटलात डॉक्टरांनी पुन्हा वही उघडली, तेव्हा मला खरं सांगावं लागलं. त्यांनी वही मिटून माझ्या हातात दिली.

मुलगी म्हणाली, "आईची धाप सुधारून लिहिलीत, बाबा?"

"अगं, त्यांना... नको बोलूस," बायको मास्कच्या आडून म्हणाली. श्वास जमवायला थांबली. "मूठ उघडली... एकदाची."

त्यानंतर ती फारशी बोललेली नाही.

आता मी तिच्या उशाशी बसून एकूण एक धाप टिपतो. काल सिस्टर म्हणाली, "काका, कशाला त्रास घेता? ते मशीन सगळं नोंदवतंय की."

नोंदवतं खरं. एकही ओळ गाळत नाही, माझ्यापेक्षा बरं लिहितं. मी मान डोलावली आणि वही पुन्हा मांडीवर घेतली.

तीन वाजून दहा, धाप. तीन वाजून चौदा, धाप. तीन वाजून पंधरा, धाप.